शेरा

पाणी ओसरून तेवीस दिवस झाले.
माझ्या वाट्याला बहात्तर घरं,
वाशीगावाच्या वळणापासून खाडीकडच्या भिंतीपर्यंत.
छापील तक्ता: ताप. जुलाब. डोळे पिवळे.
पायाला जखम, असल्यास कोणत्या.
शेवटी एक अरुंद रकाना, शेरा.
त्यात आम्ही "कुलूप" लिहितो,
किंवा "नंतर या म्हणाले".

हसुराम घरत, वय त्रेपन्न, पंप ऑपरेटर, धारण तलाव.
ताप नाही. जुलाब नाही.
डोळे लाल, पिवळे नाहीत.
डॉक्सीची गोळी तळहातावर घेऊन विचारतो,
"बाय, ही कवा घ्यायची? भरतीच्या आधी का नंतर?"
जेवणानंतर, मी म्हणते.
ओट्याशी पाठमोरी उभी त्याची बायको
नुसतंच भांडं आपटते.

भरतीच्या वेळांचा कागद
लग्नाच्या फोटोच्या खिळ्यावर.
त्याच्या बापाला असला कागद लागला नाही कधी;
अष्टमीला भांग, अवसेला उधाण,
आभाळाकडं बघायचं, जाळं उचलायचं.
मग खाडी मागे सारून शहर बसवलं,
समुद्राहून खालच्या अंगाला,
आणि जमिनीच्या बदल्यात ह्याला नोकरी लागली
समुद्राला रोज दोनदा नाही म्हणायची.

त्या रात्री झडपेत गादी अडकली.
डबल बेडची, फुलाफुलांची, कुणाची कोण जाणे.
वरून पाऊस, समोरून उधाण,
दोन पंप चालू, तिसरा फायलीत.
हा छातीभर काळोखात उतरून गादी ओढत राहिला
आणि पाणी खांद्यावरून सेक्टरात शिरलं.
"माझ्या हातानशी गेलं," तो म्हणतो.
"जाताना बगितलं मी त्याला."

तळमजल्यावरचे पिल्लई सर
त्या पाण्यात अनवाणी फिरले,
शिकवणीच्या पोरांच्या वह्या वेचत.
आठव्या दिवशी ताप. अकराव्या दिवशी डायलिसिस.
तेराव्या दिवशी त्यांच्या दारात चपलाच चपला.
वॉर्डाच्या अहवालात, पुरातले मृत्यू: शून्य.
बरोबरच आहे.
पूर तोवर निघून गेला होता.

मी हसुरामला तो शून्य दाखवला,
वाटलं, जरा हलकं वाटेल.
तो बघत राहिला त्याच्याकडे
झाकण नसलेल्या गटाराकडे बघावं तसा.

मंगळवारी समुपदेशक बसतात, तिसऱ्या मजल्यावर, मी सांगितलं.
"मना काय झालंय?"
मग बायको बोलली, त्याच्याकडे न बघता:
रात्री उठतो. काल उठला त्याच्यापेक्षा
आज पाऊण तास उशिरा, उद्या आणखी.
मोरीत जाऊन बसतो,
जाळीवर तळहात ठेवून,
तान्ह्याच्या छातीवर ठेवावा तसा, अलगद.
आज अष्टमी आहे म्हणून पडला होता जरा,
तेवढ्यात तुम्ही आलात.

शेऱ्यात मी लिहिलं: झोप नाही, हात मोरीवर.
संध्याकाळी सुपरवायझर म्हणाले,
"मॅडम, हे कुठल्या कोडात बसवू?
कुलूप लिहा."
मी खोडलं, आणि लिहिलं.
मग मागची पानं चाळली.
सेक्टर आठातली ती मुलगी, ढग आला की दप्तर माळ्यावर टाकणारी.
रिक्षावाले निजामुद्दीन, जे घरात चप्पल काढत नाहीत आता.
सगळ्यांना माझ्याच अक्षरात कुलूप.

दुसरी गोळी पुढच्या बुधवारी, मी त्याला सांगून आले होते.
पाकिटावर मी तारीख घातली.
त्यानं पेन मागून घेतलं,
शेजारी लिहिलं: अवस, बारा पन्नास.

मी घणसोलीत राहते, चौथ्या मजल्यावर.
इथवर पाणी यायचं म्हणजे
जगच बुडायला हवं.
आज बुधवार. साडेबारा झालेत.
मोरीतला दिवा मी चालूच ठेवलाय.